पुन्लायदाजींचं मागणं

आमच्या नोंगखेन गावात कच्च्या माणसाला मुलगी देत नाहीत. देत नसत, असं म्हणायला हवं. हल्लीच्या मुली बँकॉकला जाऊन आपलं आपणच उरकतात आणि आईबापाला फोनवर फोटो येतो. कच्चा म्हणजे ज्याने विशीत डोकं भादरून निदान एक पावसाळा विहारात काढला नाही तो. राहून आला की पिकला. माझा नवरा पिकलेला होता. तीन महिने चीवर घालून फिरला, तीन महिने संध्याकाळचं जेवण नाही म्हणून कण्हला, आणि बाहेर आल्याच्या दिवशी नदीवर जाऊन इतका प्यायला की त्याला हातगाडीवर घालून घरी आणावं लागलं. पुढे दारूनेच गेला. पण पिकलेला. आणि माझ्या बहिणीचा नवरा, पुन्लायदाजी, ज्यांना उभ्या जन्मात चीवराखेरीज दुसरं काही नको होतं, ते सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कच्चे राहिले. ह्यात न्याय कुठे आहे तो मला कोणी दाखवला नाही, आणि शोधत बसायला माझ्या गुडघ्यांत आता जोर नाही.

त्यांचं विसाव्या वर्षीच व्हायचं होतं. डोकं आणि भुवया भादरून झाल्या, पांढरी वस्त्रं घालून झाली, गावभर मिरवणूक निघाली. दीक्षेला निघालेल्या मुलाने जमिनीला पाय लावायचा नसतो, म्हणून मित्र त्याला खांद्यावर घेऊन नाचवतात. त्या मित्रांत माझा होणारा नवरा होता, म्हणजे पुढचं सांगायला नकोच. विहाराच्या फाटकाशी ढोल चढला, आमच्या ह्यांना तांदळाची दारू त्याहून चढली, आणि पुन्लाय दगडी पायरीवर आपटला. मांडीचं हाड मोडलं. म्हातारी माणसं म्हणाली, बुद्धांनाही छळणाऱ्या त्या माराने घात केला, दीक्षेच्या तोंडावर मार येतोच. मार कसला! मी शाळकरी पोर होते, पण वास मलाही आला होता. हाड जुळून चालू लागेपर्यंत भाताची कापणी आली, कापणी सरते तोवर बापाचे डोळे गेले, आणि एकुलत्या एका मुलाला मग शेत सोडून जाता येईना.

तेव्हापासून गाव त्यांना नागोबा म्हणू लागलं. दीक्षेला निघालेल्या मुलाला आमच्याकडे नाग म्हणतात. कोण्या एका नागाला म्हणे भिक्खू व्हायची फार ओढ होती. माणसाचं रूप घेऊन तो संघात शिरला, पण झोपेत खरं रूप उघडं पडलं. बुद्धांनी सांगितलं, बाबा रे, ह्या जन्मी हे तुझ्यासाठी नाही. तो रडायला लागला. म्हणाला, मी नाही तर निदान माझं नाव तरी तुमच्या दारात राहू दे. म्हणून हे नाव. मिरवणुकीपुरतं लावायचं आणि चीवर मिळालं की पुसायचं. दाजींचं कोणी पुसलंच नाही. बाजारात पोरंसोरंसुद्धा ओरडायची, "नागोबा, आज बिळाबाहेर?" आणि दाजी हसून पुढे जायचे.

वान्दीताईने त्यांना पसंत केलं तेव्हा आमचे वडील म्हणाले, "कच्चा आहे तो."

"असू दे," ताई म्हणाली, "मी शिजवून घेईन."

ताईची जीभ ही अशी. पण दाजी काही शिजले नाहीत. दीक्षा मागायची तर भन्तेंसमोर गुडघ्यावर बसून पालीत मागणं म्हणावं लागतं, तीनतीनदा. दाजींनी ते विसाव्या वर्षी पाठ केलं होतं, आणि म्हणायची संधी हुकली म्हणून ते जन्मभर म्हणतच राहिले. रोपं लावताना, जाळं टाकताना, म्हशीच्या पाठीवर पाणी ओतताना ओठ आपले हलतायत. "एसाहं भन्ते..." ताई मला सांगायची, "अगं मुआन, लग्न झालं त्या दिवशी मला वाटलं, माझ्याशीच काही गोड बोलतायत. कान लावून ऐकलं तर हे!"

अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. दाजींनी कधी आवाज चढवला नाही, कधी पत्त्यांना बसले नाहीत. पण घरात ते पाहुण्यासारखे असायचे, पिशवी भरलेली आणि चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. चुलीवरचा भात समोर करपला तरी त्यांना वास येत नसे. आणि संध्याकाळी विहारात सूत्रपठण सुरू झालं की भिंतीबाहेर चिंचेखाली बसून ऐकायचे. आत जा की, कोणी अडवलंय? तर म्हणायचे, "आत गेलं की ते त्यांचं असतं. इथं बसलं की मला लागतं." काय लागतं ते त्यांनाच ठाऊक.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा ताईनेच त्यांना जा म्हटलं. दुसऱ्यांदा डोकं भादरलं. त्याच आठवड्यात ताईला दिवस गेल्याचं कळलं. केस परत वाढले, दुआंगता जन्मली, मोठी झाली, रायोंगच्या कारखान्यात लागली. दाजी पुन्हा तयारीला लागणार तोच ताई विहिरीपाशी कोसळली. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. जड झाली म्हणजे शब्द सावकाश यायचे, खोचकपणा तितकाच.

त्यानंतरची वर्षं मी समोरच्या घरातून पाहिली, आणि निम्मी ह्या हातांनी काढली. मी शाळेच्या कोपऱ्यावर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकते. दिवसभर खलबत्ता हाणून खांदे भरून यायचे, आणि मग ताईला आंघोळ घालायला जायचं. पण कूस बदलणं दाजींचं. दर थोड्या वेळाने बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. दाजी तिच्या काखेत हात घालून मागणं म्हणत म्हणत तिला वळवायचे. तिसऱ्यांदा मागून होईपर्यंत ताई दुसऱ्या कुशीवर. मग खोबरेल तेल. मग चिकट भात मऊ करून घास. त्यांची पाठ वाकली, ताईच्या पाठीला जखम झाली नाही. शेजारची खाम्प्यू म्हणायची, "नागोबाने वेटोळं घातलंय बायकोभोवती." मला हसू यायचं नाही.

ह्या वर्षी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा विहारातला मुक्काम, सुरू व्हायच्या आधी ताईने मला बोलावलं. दाजी तिथेच तेलाची बाटली धूत होते.

"मुआन, तू तुझं दुकान... सकाळी उशिरा... उघडशील का?"

"का गं?"

"ह्यांना घालवायचंय."

दाजींनी वर पाहिलं. "कुठं घालवतेस?"

"बिळात. जा आता एकदाचे. दोनदा मी आडवी आले. एकदा पोटाने, एकदा अंगाने. तिसऱ्यांदा तुम्ही असेच मेलात तर ते पाप... कोणाच्या नावावर?"

"कोणाच्याच नावावर नाही. मी कुठं तक्रार केली?"

"तेच तर. तक्रार करणारा नवरा परवडला. तुमचे ओठ बघून बघून... मी थकले."

मी म्हटलं, मी बघेन. काय म्हणणार? बहीण आहे. दाजींनी बाटली खाली ठेवली आणि तिथेच मातीत बसून रडले, लहान मुलासारखे, नाक पुसायचंही भान नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दीक्षेच्या दिवशी दुआंगता आली होती. बायका मागे बसल्या, ताईला आम्ही लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तशीच उचलून आणलं होतं. मिरवणुकीत कोणाच्या खांद्यावर बसायला दाजी तयार नव्हते. चालतच आले, सावकाश, पायरीशी जरा जास्तच जपून. आत गेले, गुडघ्यावर बसले, हात जोडले. आणि गप्प.

दीक्षा देणारे उपाध्याय, म्हणजे विहाराचे मोठे भन्ते, वाट बघतायत. पोरसवदा भिक्खू एकमेकांकडे बघतायत. दाजींचा भादरलेला माथा घामाने चमकतोय. जन्मभर जे येताजाता म्हटलं ते नेमक्या वेळी गेलं. मला वाटलं, गेलं, हेही गेलं, आता हा माणूस इथेच मरतो.

तेवढ्यात मागून ताईचा जाडाभरडा आवाज आला, "ए... साहं... भन्ते..."

अख्खा मंडप हसला. उपाध्यायांनी पंख्याआड तोंड लपवलं. "उपासिके," ते म्हणाले, "तुला दीक्षा द्यायची की ह्यांना?"

"ह्यांना द्या," ताई म्हणाली, "मला ऐकून ऐकून... पाठ झालंय एवढंच."

मग दाजींचा आवाज फुटला आणि शेवटपर्यंत अडखळला नाही. चीवर अंगावर आलं तेव्हा ताईने चालणारा डावा हात कपाळाशी नेला. ती इतकी सुंदर मला तिच्या लग्नातही दिसली नव्हती.

दाजींवर खेकसायचा माझा जन्माचा हक्क त्या सकाळी गेला. आता ते भन्ते, आणि मी उपासिका. बोलायचं तर खाली बसून, हात जोडून. वयाने सगळ्यांत मोठे, पण दीक्षेने सगळ्यांत लहान, म्हणून रोज सकाळी भिक्षेच्या रांगेत नातवंडं शोभतील अशा पोरांच्या मागे शेवटी चालायचे. आम्ही ताईला दारात खुर्चीवर बसवायचो, भाताची टोपली मांडीवर. ती डाव्या हाताने चिमूटभर भात एकेकाच्या पात्रात टाकायची, आणि शेवटच्या पात्राला मोठा गोळा. दाजींनी मान खाली घातलेली असायची. नवऱ्याला असं रोज जेवू घालायची, आणि दिवसभर त्याच आनंदात पडून राहायची. कूस बदलणं माझ्याकडे आलं. माझी पाठ गेली ती त्या महिन्यात.

एकदा दुपारच्या आधी विहारात जेवण घेऊन गेले तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते. भिक्खूने सांगितलेला आकडा लागतो म्हणतात, म्हणून कोणीतरी मोटरसायकलवाला त्यांना लॉटरीचा आकडा विचारून नुकताच गेला होता.

मी विचारलं, "बरं वाटतंय ना, भन्ते?"

"बरं आहे."

"मग तोंड का असं?"

"आता काय म्हणू तेच कळत नाही. तोंडात येतं, आणि आठवतं, हे तर मिळालं."

मला राग आला. मिळालं तरी रड, नाही मिळालं तरी रड. पण हात जोडलेले होते, म्हणून काही बोलले नाही.

आणि मग ती सकाळ. आदल्या दिवशी पाऊस होऊन अंगण मऊ झालं होतं. रांग आली, पुढची पोरं भिक्षा घेऊन सरकली, दाजी ताईसमोर उभे राहिले. तिने मोठा गोळा घेऊन हात लांब केला, तेवढ्यात खुर्चीचा पाय मातीत रुतला. ताई उजवीकडे गेली, मेलेल्या अंगावर. तो हात टेकायला उपयोगाचा नव्हता. सरळ तोंडावर, चिखलात.

मी मागे पाण्याचा तांब्या आणायला वळले होते. ओरडले, "दाजी! अहो दाजी, धरा तिला!"

दोन हातांवर होते ते. फक्त वाकायचं होतं. पात्र छातीशी धरून, नजर जमिनीवर ठेवून तो माणूस उभा राहिला. भिक्खूने बाईला हात लावायचा नसतो. ताई नाकातोंडात चिखल जाऊन घुसमटत होती, आणि ते उभे होते. मग पात्रावर झाकण ठेवलं आणि रांगेमागे चालू लागले.

मी आणि खाम्प्यूने तिला ओढून बसवलं. तिने चिखल थुंकला. मला वाटलं, रडेल. तर काय, डोळे लकाकतायत!

"बघितलंस?" ती धापा टाकत म्हणाली. "हलले नाहीत. खरा... खरा भिक्खू आहे माझा नवरा."

मला दोघांचीही मुंडकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. तिला धुतलं, निजवलं, खाम्प्यूला बसवलं आणि चिखलाच्या कपड्यांनीच विहारात गेले. मोठे भन्ते जेवायला बसत होते. दाजी कडेला होते. मी खाली बसले, हात जोडले, पण तोंड काही जोडलेलं राहिलं नाही. "शील सांभाळायला घरदार सोडलंत ना? सांभाळा! म्हैस पडली असती तर वाकला असतात!"

मोठ्या भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. ते कोरडे, थकलेले गृहस्थ आहेत; गावाची भांडणं ऐकण्यातच त्यांचा जन्म चाललाय. दाजींकडे वळून म्हणाले, "तुला खांबासारखं उभं राहायला कोणी शिकवलं? चीवराचं टोक पुढे करायचं. पात्राचा पट्टा पुढे करायचा. ते नसतं जमलं तर हात द्यायचा, आणि माझ्याकडे येऊन सांगायचं. मन स्वच्छ असेल तर त्यात काय मोठा दोष होता?"

दाजी म्हणाले, "मन स्वच्छच होतं, भन्ते. काही नव्हतंच त्यात."

"म्हणजे?"

"ती पडली आणि मला काहीच वाटलं नाही. इतकं शांत वाटलं. म्हटलं, हेच ते. ह्याचसाठी एवढी वर्षं. पुढच्या दाराशी गेलो, पात्रात भात पडला, तेव्हा ध्यानात आलं, ही शांती नव्हे. आत कोणी उरलंच नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी जन्मभर मागत होतो, तेव्हा आत काहीतरी पेटलेलं असायचं. तुम्ही दिलंत, आणि ते विझलं. दोष तुमचा नाही."

मोठ्या भन्तेंनी हातातला भात परत पात्रात ठेवला. मग म्हणाले, "वर्षावास पुरा कर. मग ठरव."

"माफी असावी. वान्दीची कूस बदलायची वेळ झालीय."

रीतसर परवानगी घेऊन, माफी मागून त्यांनी चीवर उतरवलं आणि चौकड्यांचा पंचा गुंडाळून भरदुपारी घरी आले. वर्षावास अर्धवट टाकून! गावाला तर कोलीतच मिळालं. "पिकला का हो?" "पिकतो कसला, अर्धवट उकडलाय." खाम्प्यूच्या नवऱ्याने तर मला तोंडावर विचारलं, विहारात बायकोची आठवण फारच यायची का. मी त्याला मिरचीचा बत्ता दाखवला.

गावाचं सोडा. ताई त्यांच्याशी बोलेना. काखेत हात घालू द्यायची, तेल लावू द्यायची, पण डोळे भिंतीकडे. जे पुण्य तिने आपल्या हाताने मिळवलं होतं, ते ह्या माणसाने दारात आणून ओतलं होतं. मला म्हणाली, "तिसऱ्यांदाही मीच आडवी आले ना?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही.

असे कितीतरी दिवस गेले. एका उपोसथाच्या, पौर्णिमेच्या संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते, विहारातून सूत्रपठण ऐकू येत होतं. दाजी तिला वळवायला आले. भिंतीकडे बघतच ताई म्हणाली, "का आलात? माझी दया आली?"

"नाही."

"मग? चिखलात पडले... त्याची लाज वाटली?"

"वाटली. पण त्यासाठी नाही आलो."

"मग कशासाठी?"

दाजी तिच्या उशाशी खाली बसले. त्यांना लवकर शब्द सापडत नाहीत. "इथं असताना," ते म्हणाले, "ते आपल्याजवळ नाही, हे मला रोज कळायचं. तुला उचलताना तर फार कळायचं. तिथं गेलो आणि तेही कळेना. वान्दी, मला वाटायचं तू आणि हे घर मधे आहात. मधे नव्हता. ते जेवढं काही मला दिसलं, ते इथूनच दिसत होतं."

ताईने मान त्यांच्याकडे वळवली.

"म्हणजे मी असंच... पडून राहायचं."

"हो."

"आणि तुम्ही असंच... तळमळत राहायचं."

"हो."

"दोघं मरेपर्यंत."

"हो."

"चांगलंय," ताई म्हणाली, आणि तिचं चालणारं अर्धं तोंड हसलं. "मग लांब का बसलात? धरा."

दाजींनी तिच्या काखेत हात घातले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. थकलेला, म्हातारा, घामेजलेला चेहरा, आणि डोळ्यांत असं काही पेटलेलं की मला बघवेना. मी ताईचे पाय पांघरुणात सारले आणि बाहेर आले.

अंगणात उभी राहून रडले. ताईसाठी नाही, दाजींसाठीही नाही. इतकी वर्षं मला ह्या दोघांची कीव यायची, आणि आता कळत होतं की मला हेवा वाटतोय. मला जन्मात कशाची ओढ लागली नाही. नवरा मिळाला, गेला. दुकान चाललं, नाही चाललं. कुटलं, विकलं, निजले. त्या घरात दोन म्हातारी माणसं न मिळालेल्या एका गोष्टीच्या उबेला बसली होती. आणि माझ्याकडे न मिळालेलं असं काही नव्हतंच.